विश्वाचा शेवट, रविवारी दुपारी दोनला

आमच्या गावात विश्वाचा शेवट दरवर्षी मार्चमध्ये व्हायचा. रविवारी दुपारी दोन वाजता, शाळेच्या घुमटात. तो उरकला की खाली जेवणघरात कॉफी आणि वेलदोड्याचा गोड पाव. त्या पावाला आम्ही फिनिश लोक निसू म्हणतो. निसू कोरडा निघाला तर लोक विश्वाच्या शेवटालाही नावं ठेवायचे.

हसू नका. अमेरिकेच्या उत्तर टोकाला, लेक सुपीरियरच्या काठी मार्चमध्ये माणसानं दुसरं करायचं तरी काय? सरोवरावर बर्फ, छपरावर बर्फ, दाराबाहेर कमरेएवढा बर्फ. तांब्याच्या खाणी केव्हाच बंद पडलेल्या. थेटर नव्हतं, धड हॉटेल नव्हतं, पण तारांगण होतं. रशियानं आकाशात तो पहिला उपग्रहाचा गोळा सोडला तेव्हा आमच्या सरकारचं धाबं दणाणलं आणि पोरांना विज्ञान शिकवा म्हणून त्यांनी देशभर पैसा वाटला. त्यात आमच्या अ‍ॅल्डर फॉल्सच्या शाळेला घुमट मिळाला. व्यायामशाळेचं छप्पर गळत होतं, ते मात्र गळतच राहिलं.

घुमट चालवायचा रेइनो लाहती, भौतिकशास्त्राचा मास्तर. उंच, किडकिडीत, लग्न न केलेला. गावातल्या बायका म्हणायच्या, त्याचं लग्न त्या यंत्राशी लागलंय. मी एल्मा निएमी, शाळेच्या ऑफिसात टायपिंग करायचे. विज्ञानातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण माझे हात स्थिर आहेत म्हणून रेइनोनं मला पॅनेलवर बसवलं. तो बोलायचा आणि मी बटणं फिरवायचे. तारे उजळ, तारे मंद, चंद्र वर, चंद्र खाली. त्या काळोख्या गोल खोलीतला तापलेल्या दिव्यावरच्या धुळीचा वास मला अजून कुठेही ओळखता येईल. माझ्या तरुणपणाला वास असेल तर तो तोच.

आणि आमच्याकडे मतदान व्हायचं. खरंच सांगते. त्या वेळी शास्त्रज्ञांनाच नक्की माहीत नव्हतं ना. विश्व फुगतंय, सगळ्या आकाशगंगा एकमेकींपासून लांब जाताहेत, एवढं कळलं होतं. पुढे काय, त्याच्या दोन गोष्टी रेइनो सांगायचा. पहिली अशी की सगळ्यांची एकमेकांना असलेली ओढ जिंकेल, फुगणं थांबेल, आणि गेलेलं सगळं माघारी फिरेल. जवळ, आणखी जवळ, शेवटी सगळं एका ठिपक्यात, आणि कुणी सांगावं, त्यातून पुन्हा नवं विश्व. दुसरी अशी की ओढ कमी पडेल, सगळं लांब लांब जात राहील, तारे विझतील, आणि उरेल काळोख न् थंडी. मग तो विचारायचा, "बोला मंडळी, यंदा कोणता दाखवू?" आणि लोक हात वर करायचे.

थंडीला मत कोण देणार? ती आम्हाला वर्षातले सहा महिने फुकट मिळते. दरवर्षी माघारी येणंच निवडून यायचं. थंडीच्या बाजूनं एकच हात वर व्हायचा, तिसऱ्या रांगेतून, माझ्या नवऱ्याचा. वेइको काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवायचा. "थंडी संपली तर माझ्या पोटावर पाय येईल," असं म्हणायचा आणि दिवे मंद झाले की पाचव्या मिनिटाला घोरायला लागायचा. विश्व संपताना मी त्याचं घोरणं ऐकत बटणं फिरवायचे. त्या वेळी लाज वाटायची. आता वाटतं, ती वर्षं कुणीतरी परत द्यावीत, घोरण्यासकट.

अठ्ठ्याण्णव सालच्या डिसेंबरात वेइको गेला. पहाटे बर्फ काढायला निघाला आणि चर्चच्या वळणावर ट्रकमध्येच त्याचं हृदय थांबलं. ट्रक त्यानं नीट बाजूला घेऊन थांबवला होता, मागचे लाल दिवे चालू. लोकांना वाटलं, कॉफी पीत बसला असेल.

आणि नेमक्या त्याच वर्षी ती बातमी आली. फार लांबच्या, फुटणाऱ्या ताऱ्यांचा उजेड मोजला तर तो हिशेबापेक्षा फिका निघाला. म्हणजे ते असायला हवे होते त्याहून लांब होते. म्हणजे विश्वाचं फुगणं मंदावत नव्हतं, उलट वेग घेत होतं. काहीतरी त्याला आतून ढकलत होतं. त्याला त्यांनी कृष्ण ऊर्जा असं नाव दिलं. रेइनो म्हणायचा, नाव दिलं म्हणजे कळलं असं नाही.

पुढच्या मार्चमध्ये त्यानं लोकांसमोर उभं राहून सांगितलं, "मंडळी, यंदा हात वर करायचे नाहीत. निकाल लागलाय."

आर्नी रुओना, माझा शेजारी, याच्या जिभेला हाड नाही. तो मागून म्हणाला, "आणि आम्ही इतकी वर्षं दिलेली मतं?"

"कळवली होती विश्वाला. त्यानं कानावर घेतली नाहीत," रेइनो म्हणाला.

त्यानं त्या खेळासाठी शेवटचा तारा स्वतः बनवला होता. पत्र्याच्या डब्याला बारीक भोक, आत दिवा आणि भोकावर लाल काचेचा तुकडा. तो तुकडा वेइकोच्या ट्रकच्या फुटलेल्या मागच्या दिव्याचा होता. वेइकोनंच त्याला आदल्या उन्हाळ्यात दिला होता, काही वाईट हेतू नव्हता त्यात कुणाचा. मी पॅनेलवर होते. एकेक करून सगळं विझवलं. घुमटावर तेवढा एक लाल ठिपका उरला. रेइनो म्हणाला, "आता तोही." माझा हात बटणावर होता आणि तो काही केल्या फिरेना. चर्चच्या वळणावरचा दिवा मी माझ्या हातानं विझवू? मी खोलीतले सगळे मोठे दिवे फाडकन लावले, कोट उचलला आणि घरी गेले. अर्ध्या लोकांना वाटलं फ्यूज उडाला.

संध्याकाळी रेइनो दारात आला. मी त्याला आत घेतलं नाही. "तुझं खरं तुझ्यापाशी ठेव," म्हटलं आणि दार लावून घेतलं. त्यानंतर पंचवीसेक वर्षं आम्ही दुकानात भेटलो, रस्त्यात भेटलो, हवापाण्याचं आणि जळणाचं बोललो. मी घुमटात पाऊल ठेवलं नाही. त्यानंही तो खेळ पुन्हा केला नाही. पोरांना ग्रहताऱ्यांचे खेळ दाखवायचा, बाकी काही नाही. मला हे दुसऱ्यांकडून कळायचं. मी विचारायचे नाही, पण लोक सांगायचे तेव्हा कान बंदही करायचे नाही.

या वर्षी शाळा मोठ्या गावातल्या शाळेत विलीन करायचं ठरलं. इमारत पाडणार, घुमटही जाणार. आणि फेब्रुवारीच्या शेवटी रेइनो पुन्हा माझ्या दारात उभा. हातात कागदात गुंडाळलेला, धुरी दिलेला मासा. ऐंशीला टेकलाय आता, डोळ्यांना काचबिंदू झालाय हे सगळ्या गावाला माहीत. चांगला चालत आला होता, भिंतीला एक हात लावून.

"शेवटचा खेळ आहे, एल्मा. पॅनेलवर तू बस."

"शाळेत पोरं काय कमी आहेत?"

"ते पॅनेल पोरांच्या आजोबांच्या वयाचं आहे. मला त्यावरचे आकडे दिसत नाहीत आता. बाकी भागतं."

"कोणता खेळ?"

"तोच. अर्धा राहिलाय."

मी मासा ओट्यावर ठेवला. कॉफी टाकली, कारण कितीही राग आला तरी दारी आलेल्याला कॉफी न देण्याइतकी मी वाया गेलेली नाही. "सगळं करीन," मी म्हणाले, "पण तो शेवटचा दिवा मी विझवणार नाही. आधीच सांगून ठेवते."

"मग खेळ होणार नाही."

"अरे, इतका हट्ट कशाला? हल्ली तर पेपरात येतंय, ती तुझी कृष्ण ऊर्जा ढिली पडतेय म्हणे. म्हणजे सगळं माघारी येईलही एखादे वेळेस."

तो पहिल्यांदा हसला. "तू वाचतेस होय हे?"

"मी कशाला वाचू. स्टोव्हमध्ये घालायच्या आधी कागदावर नजर जाते."

"ढिली पडत असेल. नवी मोजणी तसं म्हणते खरी, पण अजून पक्कं नाही. पडली तरी सगळं परत फिरेलच असं नाही. आणि फिरलंच, तर काय होईल ते मी तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. लोकांना ते इतकं आवडायचं की मी अर्ध्यावर थांबायचो." त्यानं कप टेबलाच्या अगदी कडेला ठेवला, मी तो आत सरकवला. "सगळं जवळ येतं म्हणजे भेटीगाठी होत नाहीत, एल्मा. आकाश तापत जातं, ताऱ्यांपेक्षा तापतं. तारे वितळतात, अणू फुटतात. सगळं येतं ते भट्टीत येतं. तिथे कोण कुणाला ओळखणार?"

मला एवढा राग आला की स्टोव्हचं दार मी लाथेनंच लावलं. या माणसाला माझ्या मनातलं कुणी सांगितलं होतं? इतकी वर्षं मी कुणापाशी बोलले नव्हते की माघारी येणारं ते विश्व मी मनात जपून ठेवलंय, की त्यात कुठेतरी एक बर्फ काढायचा ट्रकही माघारी येतो. शहाण्या बाईनं असलं बोलायचं नसतं. पण मनात होतं ते होतंच.

"पन्नास वर्षं मी या गावाला तारे दाखवले," तो म्हणाला. "एकदा पूर्ण काळोख दाखवायचाय. त्याशिवाय मला चैन पडणार नाही. तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातानं नको."

मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. तो गेल्यावर मासा खाल्ला, छान होता.

मार्चमधल्या त्या रविवारी मी नुसतं बघायला जाणार होते. निसूचे वेणीसारखे वळलेले चार पाव भाजून नेले, ते जेवणघरात ठेवले आणि वर आले तर घुमट खचाखच भरलेला. माझ्या टायपिंगच्या काळातली पोरं आता टक्कल पडलेली, नातवंडं घेऊन आलेली. मुख्याध्यापिका ट्रेसी, तीही आमच्याच शाळेची, दारात उभी राहून रडत होती आणि थंडीनं नाक वाहतंय असं सांगत होती. वेइकोच्या जागी तिसऱ्या रांगेत आर्नी ऐसपैस पसरला होता. मला राग यायला हवा होता, पण बरं वाटलं की खुर्ची रिकामी नाही. पॅनेलपाशी रेइनो उभा होता, एक हात पॅनेलच्या कडेवर. त्याच्या शेजारचं माझं जुनं स्टूल रिकामं होतं. मी जाऊन बसले. त्यानं घसा साफ केला.

"मास्तर," आर्नी ओरडला, "यंदा तरी मतदान आहे का?"

"निकाल परत शास्त्रज्ञांकडे अडकलाय, आर्नी. तू हात खालीच ठेव, बगलेला वास येतो."

लोक हसले, दिवे मंद झाले आणि माझ्या बोटांना सगळं आठवलं. तारे वर आले. घुमटाचा रंग जागोजाग उडाला होता, तरी कुणीतरी हळूच "अहाहा" म्हणालंच. जुन्या खुर्च्या करकरल्या. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं, काळोखात कोण बघतंय.

रेइनोनं आधी माघारी येणं सांगितलं, या वेळी शेवटपर्यंत. मी झूमचं बटण उलटं फिरवत गेले. आकाशगंगा जवळ आल्या, आकाश दाट झालं, उजळ झालं, पांढरं झालं. इतकं पांढरं की लोकांनी डोळ्यांवर हात घेतले. शेजारी बसलेल्याचा चेहरासुद्धा दिसेना. "हे असं," रेइनो म्हणाला, "आणि यातून कुणी वाचत नाही." मग त्यानं फाटणंही सांगितलं. ती ढकलणारी शक्ती वाढतच गेली तर आधी आकाशगंगा उसवतील, मग सूर्यमाला, मग पृथ्वी, शेवटी अणूसुद्धा. "पण त्याची शक्यता कमी वाटते. आता सांगतो, मला जास्त पटतो तो शेवट."

त्याचा आवाज खाली आला. इतर आकाशगंगा नजरेआड जातील, तो म्हणाला. वायू संपेल, नवे तारे जन्मणार नाहीत. आपला सूर्य त्याच्या फार आधी गेलेला असेल, पाचेक अब्ज वर्षांत. मोठे तारे उधळे असतात, लवकर संपतात. सगळ्यात शेवटी उरतात ते छोटे, लाल, काटकसरी. ते लाखो कोटी वर्षं पुरवून पुरवून जळतात. तेही विझले की राख गार होत जाते. कृष्णविवरंसुद्धा झिजून झिजून नाहीशी होतात. "तुमच्या कपातली कॉफी खोलीइतकी गार झाली की मग तिचं पुढे काही होत नाही. विश्वाचं तसंच. नाश नाही, स्फोट नाही. सगळीकडे सारखीच थंडी, आणि पुढे काही घडायचं उरत नाही."

मी एकेक बटण खाली आणत होते. पांढरे गेले, पिवळे गेले. शेवटी घुमटाच्या मधोमध तो एक लाल ठिपका उरला.

"आता तोही," रेइनो म्हणाला.

माझा हात बटणावर होता. मी वर बघत होते. ती काच मी इतक्या वर्षांनी बघत होते आणि तिचा लाल रंग जराही उतरला नव्हता. मनात म्हटलं, याला आकडे दिसत नाहीत, एवढा बारीक ठिपका काय दिसणार? कुणाचं काय जातंय? खेळ पूर्ण होईल, तो समाधानानं घरी जाईल, आणि माझा दिवा राहील.

"गेला," मी म्हणाले.

सगळं गाव त्या ठिपक्याकडे बघत होतं आणि कुणीही तोंड उघडलं नाही. आर्नीनंसुद्धा नाही.

रेइनो माझ्याकडे वाकला. मग फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "एल्मा, ते बटण बंद होताना टक् वाजतं. वाजलं नाही."

त्यात राग नव्हता. राग असता तर मी ऐकलं नसतं, माझा स्वभाव मला माहीत आहे. तो विनवत होता. पन्नास वर्षांत या माणसानं कुणाला विनवलेलं मी ऐकलं नव्हतं. मी ठिपक्याकडे बघून मनातल्या मनात वेइकोला म्हटलं, "तुझंच मत आहे रे हे," आणि बटण हळूहळू फिरवलं. ठिपका तांबूस झाला, तपकिरी झाला, मग तिथे तो आहे की नाही ते कळेना. टक् वाजलं.

इतका काळोख मी कधी बघितला नव्हता. डोळे उघडे काय, मिटलेले काय, एकच. मी रेइनोच्या पुढच्या शब्दाची वाट बघत दिव्यांच्या बटणावर हात ठेवला. पूर्वी खेळ संपला की तो चटकन म्हणायचा, "चला, उजाडू द्या." या वेळी म्हणाला नाही.

"मंडळी," बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "कुणाला काही दिसतंय का?"

"काही नाही, मास्तर," आर्नी म्हणाला.

"स्वतःचा हात?"

"तोही नाही."

"मलाही एवढंच दिसतं." रेइनो म्हणाला. "नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगपासून. घरी, दुकानात, रस्त्यावर, सकाळी, दुपारी. थोडंफार दिसतं म्हणून सांगत आलो, ते खोटं होतं. म्हटलं, एकदा तरी तुम्ही सगळे इथे माझ्याबरोबर बसावं."

मी विज्ञानाचा हट्ट समजत होते, देवा. मला खरं शिकवायला निघालाय म्हणून दात-ओठ खात होते. त्याच्या कपाची ती कड, भिंतीवरचा तो हात, सगळं डोळ्यांसमोर होतं आणि मी बाई विश्वावरून भांडत बसले.

काळोखात कुणीतरी हुंदका दिला, ट्रेसी असणार. आणि मग आर्नी म्हणाला, "मास्तर, थांबा. थँक्सगिव्हिंगपासून? मग नाताळात माझ्या नव्या ट्रकचा रंग फार छान आहे म्हणालात, तो?"

"कोणता रंग आहे?"

"हिरवा."

"मला निळा छान वाटला होता," रेइनो म्हणाला.

सगळा घुमट हसला, रडणारेही हसले. मी दिव्यांच्या बटणावरचा हात काढला आणि चाचपडत चाचपडत त्याच्या कोटाची बाही शोधली. हसणं थांबलं. दिवे लावा असं कुणीच म्हणालं नाही. मी बाही धरून ठेवली आणि आम्ही सगळे तिथेच बसून राहिलो.